नागीण: पहिले ७२ तास आणि पुढचे ३ महिने

शर्टाचं कापड उजव्या बरगडीला लागू नये म्हणून ते आजोबा कोपर अंगापासून लांब धरून बसले होते. पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची, म्हणून त्यांनी आधी मला पंखा बंद करायला सांगितलं. पाठीवरचे फोड कधीच सुकले होते, खपल्या पडल्या होत्या, उरले होते ते फक्त फिकट डाग. नागीण होऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत त्यांना सलग चार तास झोप मिळाली नव्हती.

फोड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना लावायचं मलम आणि साधी वेदनाशामक गोळी दिली, "आठवड्याभरात बरं वाटेल" असं सांगितलं आणि पुन्हा बोलावलं नाही. तेव्हा माझी प्रॅक्टिस नवीन होती. अँटीव्हायरल औषध वेळेत सुरू करायची संधी माझ्या हातात होती आणि ती मी घालवली. तुम्ही नुकतीच जनरल प्रॅक्टिस सुरू केली असेल तर तुमच्याकडून तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आजार समजून घ्या

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, शरीरातून जात नाही. मणक्याशेजारच्या आणि डोक्यातल्या नसांच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि त्या नसेतून कातडीपर्यंत येतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला, एका पट्ट्यात उठतं. वाटेत नसेला सूज येते, तिचे तंतू दुखावतात. फोड हा त्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम. पेशंटला फोड दिसतात, पण इजा नसेला झालेली असते, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात.

हा विषाणू शरीरातच दबा धरून बसतो आणि पुढे नागीण म्हणून बाहेर येतो, ही मांडणी १९६५ साली एडगर होप-सिम्पसन यांनी नीट करून दाखवली. ते इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर या छोट्या गावातले जनरल प्रॅक्टिशनर होते. आपल्याच पेशंटच्या नोंदी सोळा वर्षं ठेवून त्यांनी ते काम केलं. तेव्हा केस पेपरवर चार ओळी जास्त लिहायचा कंटाळा करू नका.

फोड येऊन ९० दिवस उलटले तरी त्या जागी दुखत राहिलं, तर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, बोलताना पीएचएन. नागीण झालेल्यांपैकी साधारण १० ते १८ टक्क्यांना तो त्रास होतो. तरुणांत क्वचित, साठीनंतर झपाट्याने जास्त. सुरुवातीचं दुखणं जितकं तीव्र, पुरळ जितकं दाट आणि फोडांआधी दुखण्याचे दिवस जितके जास्त, तितका धोका वाढतो. पुरळ डोळ्याच्या भागात असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तरीही वाढतो.

पहिली पायरी: फोड दिसायच्या आधीच शंका घ्या

बहुतेक पेशंटना पुरळ उठण्याआधी एक ते पाच दिवस त्या जागी काहीतरी होत असतं. कुणी आग म्हणतं, कुणी चमका, कुणी ठणका, कुणी नुसती खाज किंवा मुंग्या. "आतून कुणीतरी सुई टोचतंय" हे मी अनेकदा ऐकलं आहे. या दिवसांत कातडीवर काहीच नसतं आणि आपली फसगत होते ती इथेच. उजव्या कुशीत दुखलं की पित्ताशयाची सोनोग्राफी, कमरेत दुखलं की मुतखड्याचा संशय, पायात कळ गेली की सायटिका, कपाळ दुखलं की सायनस.

अशा वेळी कापसाचा एक बोळा घ्या, त्याची एक शेंडी ओढून बारीक करा आणि दुखणाऱ्या जागेवरून हलकेच फिरवा. मग तसाच दुसऱ्या बाजूला फिरवा. पेशंटने डोळे मिटलेले असावेत. पोटातल्या किंवा सांध्यातल्या दुखण्यात कापसाचा स्पर्श सहसा दोन्हीकडे सारखाच लागतो. नस बिघडली असेल तर पेशंट दचकतो, "इथे चरचरतंय" म्हणतो, किंवा उलट "इथे बधिर वाटतंय" म्हणतो. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी आहे. त्यात फरक आढळला तर पेशंटला स्पष्ट सांगा: "दोन-तीन दिवसांत या पट्ट्यात लाल चट्टे किंवा पाण्याचे फोड दिसले तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका." हे एक वाक्य पुढच्या सगळ्या औषधांइतकं मोलाचं आहे.

एक सावधगिरी मात्र हवीच. छातीत डावीकडे दुखत असेल, वय जास्त असेल, तर आधी ईसीजी काढा. नागिणीची शंका आली म्हणून हृदयाकडे दुर्लक्ष करू नका.

पुरळ आल्यावर निदान बहुधा पाहूनच होतं. लाल चट्ट्यावर द्राक्षाच्या घडासारखे जवळजवळ पाण्याचे फोड, एकाच बाजूला, मधल्या रेषेपाशी येऊन थांबलेले. छाती आणि पाठीचा पट्टा सर्वांत जास्त वेळा, त्यानंतर चेहरा. शर्ट पूर्ण काढायला सांगा आणि पेशंटला मागूनही बघा, कारण पहिला चट्टा पुष्कळदा मणक्याजवळ असतो आणि पेशंटला तो माहीतच नसतो. किड्याच्या विषारी द्रवाने उठलेली रेघ, ॲलर्जीचे फोड, साध्या हर्पीसचे फोड यांच्याशी गल्लत होऊ शकते. तोंडाजवळ किंवा जांघेत, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारे फोड असतील तर साधा हर्पीस आधी आठवा. शंका उरलीच तर ताज्या फोडातल्या द्रवाची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करता येते, पण तिच्या निकालासाठी औषध थांबवू नका.

दुसरी पायरी: तारीख लिहा, मग धोक्याच्या जागा तपासा

केस पेपरवर पहिली ओळ ही असावी: दुखणं कधी सुरू झालं आणि पहिला फोड कधी दिसला. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा. अँटीव्हायरल, म्हणजे विषाणूला दाबणारं औषध, ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, आणि ते ७२ तास पुरळापासून मोजायचे असतात, दुखण्यापासून नाही. पेशंट "आठवडा झाला" म्हणतो तेव्हा तो बहुधा दुखण्याबद्दल बोलत असतो, आणि आपण "उशीर झाला" म्हणून औषध नाकारलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

मग डोळा. कपाळावर, पापणीवर किंवा नाकावर पुरळ असेल तर थांबून नीट बघा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड असणं याला हचिन्सनची खूण म्हणतात. ती दिसली की डोळ्याच्या आतल्या भागाला धोका आहे असं धरा, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच शाखेच्या नसा जातात. मात्र ती खूण नाही म्हणून डोळा सुरक्षित आहे असंही समजू नका. डोळा लाल, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. अँटीव्हायरलचा पहिला डोस तुमच्या दवाखान्यातच देऊन पाठवा. स्टेरॉइडचे थेंब आपण स्वतः कधीही सुरू करायचे नाहीत.

कानात किंवा कानाच्या पाळीवर फोड असतील तर पेशंटला हसायला, डोळे घट्ट मिटायला आणि भुवया उंचावायला सांगा. चेहरा एका बाजूला ओढला जात असेल, ऐकू कमी येत असेल, चक्कर येत असेल, तर तो रॅमसे हंट सिंड्रोम. यात अँटीव्हायरलसोबत स्टेरॉइडही देतात आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांचं मत लगेच घ्यावं लागतं. फोड कंबरेच्या खालच्या भागात, गुदद्वाराजवळ किंवा जननेंद्रियावर असतील तर लघवी होते आहे ना, हे तोंडाने विचारा. पेशंट संकोचाने सांगत नाहीत, आणि मूत्राशय तुंबलेलं राहतं.

ज्यांना हॉस्पिटलमध्ये पाठवायचं ते पेशंट ओळखायला शिका. मूळ पट्टा आणि त्याच्या शेजारचा पट्टा सोडून इतरत्र २० पेक्षा जास्त फोड असतील, तर विषाणू रक्तावाटे पसरला आहे. ताप, गोंधळलेपण, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, हातापायातला जोर जाणं, धाप लागणं, ही लक्षणंही तशीच. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेणारे पेशंट यांच्याबाबत तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय घरी पाठवू नका. त्यांना शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागू शकतं.

तरुण पेशंटला नागीण झाली, दोन-तीन पट्ट्यांत पसरली किंवा पुन्हा झाली, तर एचआयव्हीची तपासणी सुचवा. सुचवताना आवाज नेहमीसारखाच ठेवा, घरच्यांसमोर विषय काढू नका. पण प्रत्येक नागिणीमागे कॅन्सर शोधत बसायची गरज नसते. वय झालं आहे, प्रतिकारशक्ती थोडी ओसरली आहे, एवढंच कारण बहुतेकांत असतं.

तिसरी पायरी: अँटीव्हायरल, पूर्ण डोसमध्ये

मोठ्या माणसांसाठी, किडनी चांगली असेल तर, तीन पर्याय आहेत:

- व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, ७ दिवस
- फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, ७ दिवस
- असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस

नवीन डॉक्टरांची नेहमीची चूक डोसची असते. साध्या हर्पीससाठी असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतं, नागिणीला पुरत नाही. व्हॅरिसेला झोस्टर विषाणूला दाबायला औषधाची रक्तातली पातळी बरीच जास्त लागते. त्यात असायक्लोव्हिर पोटातून फार थोडं शोषलं जातं, म्हणून ते दिवसातून पाच वेळा घ्यायचं. पेशंटला कागदावर वेळा लिहून द्या: सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. नुसतं "पाच वेळा" सांगितलं की ते तीन वेळाच घेतलं जातं. शक्य असेल तिथे मी व्हॅलासायक्लोव्हिरच देतो. दिवसातून तीनच वेळा घ्यायचं असल्याने कोर्स पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

५० च्या पुढच्या प्रत्येकाला द्या. त्याहून लहान वयातही दुखणं किंवा पुरळ मध्यम ते तीव्र असेल, चेहऱ्यावर असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर द्या. ७२ तास उलटले म्हणून सरसकट नकार देऊ नका. नवीन फोड अजून येत असतील, डोळ्याचा भाग असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशीही सुरू करणं योग्य. ७२ तासांचा आकडा आला तो अभ्यासांत पेशंट त्या मुदतीत घेतले होते म्हणून. ७३ व्या तासाला विषाणू काही संपत नाही. उलट बाजूने, सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या असतील आणि पेशंटची प्रकृती एरवी चांगली असेल, तर अँटीव्हायरलचा फारसा उपयोग नाही.

गोळी लिहिण्याआधी किडनीचा विचार कराच. ही औषधं लघवीवाटे बाहेर जातात. किडनी मंदावली असताना पूर्ण डोस दिला तर औषध साचतं आणि म्हातारं माणूस दोन दिवसांत भ्रमात जातं, नसलेलं दिसायला लागतं, तोल जातो. घरच्यांना वाटतं नागीण डोक्यात गेली. वय ६५ च्या वर, मधुमेह, रक्तदाब, जुना किडनीचा आजार असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) मागवा आणि वय व वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलीटर रक्त साफ करते तो आकडा, काढा, कारण बारीक अंगकाठीच्या वृद्धात क्रिएटिनिनचा आकडा बरा दिसूनही किडनी मंद असते. व्हॅलासायक्लोव्हिरचा डोस क्लिअरन्स ३० ते ४९ असेल तर १००० मिलिग्रॅम १२ तासांनी, १० ते २९ असेल तर २४ तासांतून एकदा, १० च्या खाली ५०० मिलिग्रॅम २४ तासांतून एकदा. रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर पहिला डोस देऊन ठेवा आणि पुढचा रिपोर्ट पाहून ठरवा. भरपूर पाणी प्यायला सांगा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा पेशंटमध्ये टाळा, दोन्ही मिळून किडनीवर ताण पडतो.

गरोदर स्त्रीला नागीण झाली तर घाबरवू नका. गरोदरपणात पहिल्यांदा कांजिण्या होणं आणि नागीण होणं यांत मोठा फरक आहे. नागिणीत आईच्या रक्तात आधीच अँटीबॉडी असतात, त्यामुळे बाळाला धोका नगण्य. असायक्लोव्हिरचा या काळातला अनुभव पुष्कळ आहे, पण प्रसूतितज्ज्ञांशी बोलून द्या.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अँटीव्हायरलने फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचं दुखणं कमी होतं, हे नक्की. पीएचएन टळतो का, याचं उत्तर तितकं साफ नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात तोंडी असायक्लोव्हिरने चार महिन्यांनंतरच्या पीएचएनचं प्रमाण ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. दुसरीकडे, ५० च्या पुढच्या पेशंटमध्ये व्हॅलासायक्लोव्हिर आणि असायक्लोव्हिर यांची तुलना १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत दुखणं थांबायला लागलेला मध्यक काळ व्हॅलासायक्लोव्हिरने ३८ आणि असायक्लोव्हिरने ५१ दिवस असा आला. म्हणून पेशंटला "ही गोळी घेतली की पुढे दुखणारच नाही" असं सांगू नका. "दुखणं कमी दिवस राहावं म्हणून ही गोळी, आणि वेळेत घेतली तर उपयोग जास्त" असं सांगा. खोटं आश्वासन दिलं तर तिसऱ्या महिन्यात दुखत असलेला पेशंट तुमच्याकडे परत येत नाही.

चौथी पायरी: दुखणं पहिल्या दिवसापासून मोजा

अँटीव्हायरल लिहिलं की काम झालं असं वाटतं. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त पेशंट वाऱ्यावर सोडले जातात. सुरुवातीचं तीव्र दुखणं हे पुढच्या पीएचएनचं मोठं भाकीत आहे, आणि तसं ते नसतं तरी माणूस रात्रभर तळमळतो हे उपचारासाठी पुरेसं कारण आहे.

शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, असं सांगून आकडा विचारा आणि लिहून ठेवा. त्याहून उपयोगी प्रश्न दोन: "रात्री किती वेळा जाग येते?" आणि "अंगावर कपडा सहन होतो का?" पहिल्या प्रश्नावरून औषधाची पायरी ठरते. दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर नस चांगलीच बिघडली आहे आणि साध्या पॅरासिटामॉलवर भागणार नाही.

हलकं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल नियमित, दर सहा तासांनी ठरलेल्या वेळी, दुखेपर्यंत वाट न बघता. अशक्त, कमी वजनाच्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसात डोस कमी ठेवा. आकडा चार-पाचच्या वर असेल किंवा झोप मोडत असेल तर पहिल्याच भेटीत नसेवर काम करणारं औषध जोडा. गॅबापेंटिन रात्री ३०० मिलिग्रॅम, मग दोन-तीन दिवसांत हळूहळू दिवसातून तीनदा. वृद्धांत १०० पासून. किंवा प्रेगाबालिन, वृद्धांत रात्री २५ ते ५० मिलिग्रॅम, इतरांत ७५. दोन्ही किडनीवाटे जातात, म्हणजे तेच क्रिएटिनिन इथेही लागतं. गुंगी येते, तोल जातो, म्हणून रात्री उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, हे पेशंटला आणि घरच्यांना दोघांनाही सांगा. नागिणीने गेलेली झोप परत आणताना खुब्याचं हाड मोडायला नको.

अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करता येतं. मात्र काचबिंदू, प्रोस्टेट वाढल्याने लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचे दोष आणि विसरभोळेपण असलेल्या वृद्धांत ते टाळा. नागीण झाल्या झाल्या प्रत्येकाला अमिट्रिप्टिलिन दिलं तर पीएचएन कमी होतो, असं १९९७ च्या एका लहान अभ्यासात दिसलं होतं. त्या एवढ्याशा आधारावर सरसकट सगळ्यांना मी ते देत नाही. झोप मोडणारं दुखणं असेल, आणि वरच्या अडचणी नसतील, तर देतो.

दुखणं आठ-नऊवर असेल तर थोड्या दिवसांसाठी ट्रॅमाडॉलसारखं औषध लागू शकतं. अमिट्रिप्टिलिन चालू असताना ते जोडू नका. गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिनसोबत दिलं तर श्वास मंदावू शकतो, डोस लहान ठेवा. लिडोकेनचा ५ टक्के पॅच छान काम करतो, पण तो फक्त भरलेल्या कातडीवर. उघड्या फोडांवर कधीही नाही. १२ तास लावायचा, १२ तास काढून ठेवायचा.

जे लिहू नये

असायक्लोव्हिरचं मलम नागिणीत जवळजवळ निरुपयोगी आहे. तोट्याची बाजू अशी की मलम मिळालं म्हणून पेशंट निश्चिंत होतो आणि गोळी घेत नाही. मी तेच केलं होतं. तोंडी स्टेरॉइडने सुरुवातीचं दुखणं थोडं हलकं होतं, पण पीएचएन टळत नाही हे पुष्कळ अभ्यासांनी दाखवलं आहे. मधुमेही आणि वृद्ध माणसात त्याचा तोटाच अधिक. नेदरलँड्समध्ये जनरल प्रॅक्टिसमधल्या पेशंटवर पाठीच्या कण्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देऊन पाहिलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या महिन्यात थोडा आराम मिळाला, पुढे फरक पडला नाही. फोडांत पू झाल्याशिवाय अँटिबायोटिक नको. कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं औषध आहे, ते सवयीने इथे लिहिलं जातं. व्हिटॅमिन बी-१२ च्या इंजेक्शनांवर विसंबून खरी औषधं लांबवू नका.

घरी काय सांगायचं

साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने अंघोळ करायची, पुसताना घासायचं नाही, टिपायचं. सैल, मऊ सुती कपडा. गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवली की आग कमी होते. फोड फोडायचे नाहीत. कसलाही लेप, पाला, शाई लावायची नाही. त्याने जखम चिघळते आणि आपल्याला खालची कातडी दिसत नाही.

"नागिणीचा वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो का?" हा प्रश्न पेशंट विचारतात, किंवा न विचारता मनात धरून बसतात. त्यांच्या पाठीवर बोटाने मधली रेषा काढून दाखवा. डाव्या बाजूची नस डाव्या बाजूलाच जाते, म्हणून पुरळ इथे थांबतं, हे दोन वाक्यांत समजतं. त्या भीतीत रात्र काढणाऱ्या माणसाला तेवढ्याने खूप बरं वाटतं.

नागीण एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण फोडातल्या द्रवातून विषाणू, ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत त्याच्यापर्यंत पोचला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जागा झाकून ठेवायची आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, केमोथेरपी घेणारी माणसं यांच्यापासून लांब राहायचं. एरवी घरात वावरायला हरकत नाही. वेगळी खोली, वेगळं ताट याची गरज नाही.

पाचवी पायरी: पुन्हा बोलवा

तिसऱ्या दिवशी एकदा बघा किंवा निदान फोनवर बोला: गोळ्या वेळेवर जातात का, नवीन फोड येतात का, डोळ्याला काही झालं का, माणूस गोंधळला नाही ना. सातव्या दिवशी पुन्हा. नवीन फोड अजून येत असतील तर निदान किंवा प्रतिकारशक्ती, दोन्हींचा फेरविचार करा. चौथ्या आठवड्यात खपल्या पडलेल्या असतात आणि पेशंटला यावंसं वाटत नाही, म्हणून तारीख आधीच कागदावर लिहून द्या.

त्या चौथ्या आठवड्याच्या भेटीत पुन्हा तोच कापसाचा बोळा फिरवा आणि तेच दोन प्रश्न विचारा. दुखणं उतरत असेल तर नसेची औषधं एकदम बंद न करता दोन-तीन आठवड्यांत कमी करत आणा. उतरत नसेल तर ९० दिवसांची वाट बघू नका. ती मुदत व्याख्येची आहे, उपचाराची नाही. डोस सहन होईल तितका वाढवा, लिडोकेनचा पॅच जोडा, एका औषधाला पुरेशा डोसमध्ये तीन-चार आठवडे द्या आणि मगच बदला. थोडा डोस, थोडे दिवस, मग दुसरी गोळी, असं करत पाच औषधं फुकट गेलेले पेशंट मी पाहिले आहेत. तीन महिन्यांनीही आकडा चारच्या खाली येत नसेल तर पेन क्लिनिककडे पाठवा. तिथे ८ टक्के कॅप्सायसिनचा (मिरचीतल्या तिखट द्रव्याचा) पॅच आणि नसेचे ब्लॉक, म्हणजे इंजेक्शनने नस बधिर करणं, असे पर्याय असतात. त्याच भेटीत मन कसं आहे हेही विचारा. महिनोन् महिने झोप नसलेला माणूस खचतो, आणि घरच्यांना वाटतं की कातडी तर बरी झाली, आता हे उगाच करतात. घरच्यांना समोर बसवून दुखणं खरं आहे हे तुम्ही स्वतः सांगा.

नागीण होण्याआधीची पायरी

पीएचएन टाळायचा सर्वांत खात्रीचा मार्ग नागीणच होऊ न देणं हा आहे, आणि त्यासाठी आता चांगली लस आहे. २००६ मध्ये आलेल्या जुन्या जिवंत लसीने नागीण सुमारे ५१ टक्के आणि पीएचएन सुमारे ६७ टक्के कमी झाला होता. २०१७ मध्ये मान्यता मिळालेली शिंग्रिक्स ही रीकॉम्बिनंट (विषाणूचं फक्त एक प्रथिन वापरून बनवलेली) लस त्याहून बरीच सरस ठरली. ५० च्या पुढच्यांच्या मूळ चाचणीत नागीण ९७ टक्क्यांनी आणि ७० च्या पुढच्यांत सुमारे ९१ टक्क्यांनी कमी झाली. दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, दंडात. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या प्रौढांनाही देता येते, त्यांच्यासाठी अंतर १ ते २ महिने ठेवतात. हात दोन दिवस दुखतो, अंग मोडून येतं, बारीक ताप येतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसरा डोस घ्यायला कुणी येत नाही.

एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही पुन्हा होऊ शकते, म्हणून पुरळ पूर्ण बरं झाल्यावर त्यांनाही लस घेता येते. आणि तीन महिन्यांच्या शेवटच्या भेटीत पेशंटसोबत जे आलेले असतात, बहुधा तेवढ्याच वयाची बायको किंवा नवरा, त्यांच्याकडे वळून विचारा: "तुम्ही लस घेतली आहे का?" त्या दुखण्याजवळ तीन महिने रात्री जागलेल्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही.